बिझनेस फॅमिलीतला घटस्फोट: अर्धं मिळत नाही, मग मिळतं काय, आणि मुलांचं काय

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. लग्नाला चौदा वर्षं झाली, नवऱ्याचा भावांबरोबर बिझनेस आहे, राहता बंगला सासऱ्यांच्या नावावर, दोन फ्लॅट कंपनीच्या नावावर, एक एचयूएफ (हिंदू एकत्र कुटुंब), एक ट्रस्ट, आणि नवऱ्याच्या स्वतःच्या नावावर म्हणाल तर धड गाडीसुद्धा नाही. ताईंनी लग्नानंतर नोकरी सोडली. मुलगी ११ वर्षांची, मुलगा ६ चा. एक वकील म्हणाले अर्धं मिळेल, दुसरे म्हणाले काही मिळणार नाही, आणि सासरचे म्हणतायत तुला जायचं तर जा, मुलं इथेच राहतील.

मी २२ वर्षं फॅमिली कोर्टात हेच करते, दोन्ही बाजूंनी लढलेय, त्यामुळे नवऱ्याकडचे वकील काय सल्ला देत असतील तेही साधारण माहितीये.

आधी त्या "अर्ध्या"चं. हे येतं परदेशातल्या बातम्यांमधून. २०१९ मध्ये जेफ बेझोसचा घटस्फोट झाला, बायकोला ॲमेझॉनचे ४ टक्के शेअर्स मिळाले, आणि तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक तिसऱ्या माणसाला वाटतं की आपल्याकडेही असंच असतं. ते राहायचे वॉशिंग्टन राज्यात, तिथे लग्नानंतर कमावलेलं दोघांचं धरतात. आपल्याकडे हिंदू विवाह कायद्यात असं काही नाहीये, ज्याच्या नावावर त्याचं. मोठा अपवाद गोव्याचा, तिथे १८६७ चा पोर्तुगीज सिव्हिल कोड अजून चालतो आणि तिथे खरंच अर्धं-अर्धं होतं. (गोव्यात रिसॉर्टवर लग्न केलं म्हणून तो लागू होत नाही, हे मला एका अशीलाला अर्धा तास समजवावं लागलं होतं.) आणि प्रीनपबद्दल, म्हणजे लग्नाआधी केलेल्या पैशाच्या कराराबद्दल, विचारलंय तर आपल्या कोर्टात त्याच्यावर भिस्त ठेवू नका, पब्लिक पॉलिसीच्या विरुद्ध म्हणून तो सहसा टिकत नाही.

पण "काहीच नाही" म्हणणारे वकीलसाहेबही चुकतायत. तुम्हाला मालमत्तेत वाटा नाही, पण त्या मालमत्तेच्या जोरावर जे राहणीमान होतं त्यावर पोटगी आहे. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २४ खाली केस चालू असतानाची, कलम २५ खाली कायमची. आणि कायमची ठरवताना कोर्ट नवऱ्याचा नुसता पगार नाही बघत, त्याची "इतर मालमत्ता"ही बघतं, हे शब्द कायद्यातच आहेत. लोक २५ टक्के, २५ टक्के करत असतात, तो आकडा २०१७ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालातला आहे, निव्वळ पगाराच्या २५ टक्के. नोकरदार माणसाला ते ठीक आहे. बिझनेसवाल्याचा पगार म्हणजे त्याच्या सीएनं ठरवलेला आकडा, त्याच्या २५ टक्क्यांत तुमच्या मुलांची शाळेची फीपण निघायची नाही.

मग खरी लढाई कुठे होते? शपथपत्रात. २०२० च्या नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाचा रजनेश विरुद्ध नेहा हा निकाल आला आणि तेव्हापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्जं, खर्च सगळ्याचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यावंच लागतं, सोबत तीन वर्षांचे रिटर्न आणि बँक स्टेटमेंट. तुम्हालाही द्यावं लागेल हे लक्षात ठेवा, माहेरून आलेली एफडी लपवू नका, समोरच्याला ती सापडली की जज तुमच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवत नाही.

एक उदाहरण देते, ओळख पटू नये म्हणून थोडं बदलून. नवऱ्यानं शपथपत्रात लिहिलं, डायरेक्टर म्हणून महिना सव्वा लाख, दुसरं उत्पन्न नाही. रिटर्नही तसाच, एकदम स्वच्छ. बाई माझ्यासमोर रडत होती की मॅडम हा माणूस खोटं बोलतोय. मी म्हटलं नाही, तो खरं बोलतोय, फक्त अर्धं. आम्ही एमसीएच्या (केंद्राचं कंपनी व्यवहार मंत्रालय) साइटवरून कंपनीचे पाच वर्षांचे ताळेबंद काढले, कुणालाही मिळतात, थोडी फी भरावी लागते. त्यात मागच्या टिपांमध्ये "अनसिक्युअर्ड लोन फ्रॉम डायरेक्टर्स" अशी एक ओळ असते. पाच वर्षांपूर्वी या माणसाचे कंपनीकडे साडेतीन कोटी येणं होते, आता दीड कोटी. म्हणजे कंपनी त्याला त्याचंच कर्ज परत करत होती, महिन्याला तीनएक लाख, आणि कर्जाची परतफेड हे उत्पन्न नाही म्हणून रिटर्नमध्ये दिसत नाही, टॅक्सही नाही. त्याच्या खाली रिलेटेड पार्टीची, म्हणजे नातेवाइकांशी केलेल्या व्यवहारांची टीप, त्यात सासूबाईंना ऑफिसचं भाडं. गाडी, ड्रायव्हर, पेट्रोल, क्लब, दरवर्षीची परदेशातली ट्रिप, सगळं कंपनीच्या खर्चात. उलटतपासणीत मी त्याला एकच विचारलं, सव्वा लाखात दोन मुलांची इंटरनॅशनल स्कूलची फी कशी भरता? तो म्हणाला वडील भरतात. पावत्या काढल्या तर कंपनीच्या खात्यातून. त्या दिवसानंतर त्यांच्या वकिलांचा सूर बदलला आणि दोन महिन्यांत बोलणी सुरू झाली.

तर तुम्ही आत्ता काय गोळा करायचं? ताळेबंद नंतर मीच काढेन किंवा तुमचे वकील काढतील. तुमच्या हातात जे आहे ते म्हणजे राहणीमानाचे पुरावे. ॲड-ऑन क्रेडिट कार्डची तीन वर्षांची स्टेटमेंट्स, शाळेच्या पावत्या, तिकिटं, हॉस्पिटलची बिलं, घरात कामाला किती जण आणि त्यांना पैसे कुठून जातात, वाढदिवसाचे फोटोसुद्धा. फ्लॅट आणि जमिनींसाठी सातबारा, प्रॉपर्टी कार्ड, इंडेक्स टू (रजिस्टर झालेल्या दस्ताचा गोषवारा) ऑनलाइन बघता येतात, जमीन कुणाच्या नावावरून कुणाच्या नावावर कधी गेली ते फेरफारात दिसतं, आणि तारखा फार बोलक्या असतात. भांडण मार्चमध्ये आणि दिराला बक्षीसपत्र एप्रिलमध्ये असं असेल तर ते बक्षीसपत्र तितकंसं पक्कं नाही, कारण जमिनीच्या उत्पन्नातून पोटगी मिळण्याचा हक्क असेल तर तो फुकटात जमीन घेणाऱ्याविरुद्धही चालवता येतो, ट्रान्सफर ऑफ प्रॉपर्टी ॲक्टचं कलम ३९ बघा. दहा वर्षांपूर्वीचा ट्रस्ट असेल तर मात्र तो फोडणं अवघड, त्याच्यावर उगाच वर्ष घालवू नका, त्या ट्रस्टमधून दरवर्षी घरात किती पैसे येतात एवढंच दाखवा. आणि कृपा करून नवऱ्याच्या ईमेलमध्ये किंवा ऑफिसच्या सर्व्हरमध्ये लॉगिन करू नका, पासवर्ड माहीत असला तरी. हातात आलेली चांगली केस मी अशा एका स्क्रीनशॉटमुळे बचावात गेलेली बघितलीये.

अपेक्षा किती ठेवायची हेही सांगते, कारण कुणी सांगत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर अशीच केस होती, नवरा अतिश्रीमंत, पहिल्या बायकोला ५०० कोटी दिले असं म्हणणं होतं, दुसऱ्या बायकोला तेवढेच हवे होते. कोर्टानं १२ कोटी दिले आणि स्पष्ट म्हटलं की पोटगी म्हणजे नवऱ्याच्या संपत्तीशी बरोबरी करण्याचा मार्ग नाही, वेगळे झाल्यावर तो आणखी श्रीमंत झाला तर त्या वाढीवर तिचा दावा नाही. मला स्वतःला हे अर्धंच पटतं, चौदा वर्षं एका बाईनं घर सांभाळलं म्हणून दुसरा फॅक्टरीत चौदा तास बसू शकला, याची किंमत आपल्या कायद्यात नीट कुठेच लावलेली नाही. पण आजचा कायदा हा आहे, आणि आकडा मागताना "त्याच्याकडे इतके आहेत" पेक्षा "आम्ही असे राहत होतो, पुढेही तसं राहायला इतके लागतात" ही मांडणी जास्त चालते.

आणि अर्ज लवकर टाका. कलम २४ च्या अर्जाचा निकाल शक्यतो ६० दिवसांत लावावा असं कायद्यात लिहिलंय, वाचून हसू येतं, पण पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते हे रजनेशमध्येच ठरलंय, त्यामुळे "आधी मीडिएशन होऊ दे मग बघू" करत आठ महिने घालवले तर ते आठ महिने तुमचेच गेले.

बंगल्याचं पटकन. सासऱ्यांच्या नावावर आहे म्हणून तुम्हाला तिथे राहायचा हक्क नाही हे जुनं झालं, ऑक्टोबर २०२० मध्ये सुप्रीम कोर्टानं तो जुना निकाल फिरवला, घर नातेवाइकाचं असलं तरी ते शेअर्ड हाउसहोल्ड, म्हणजे बायकोला राहायचा हक्क असलेलं सामायिक घर, असू शकतं. मालकी नाही, राहण्याचा हक्क, किंवा तशाच दर्जाची दुसरी जागा. सासरे सीनियर सिटिझन ट्रायब्युनलमध्ये जायची धमकी देतील, जाऊ देत, त्या कायद्याचा वापर सुनेचा हा हक्क बुडवायला करता येत नाही हेही २०२० मध्येच ठरलं. स्त्रीधन तर पूर्णपणे तुमचं, त्यात वादच नाही, पण लॉकर जॉइंट असेल तर आजच यादी करा, लग्नाच्या अल्बममधला प्रत्येक दागिना त्या यादीशी जुळवा. ५०० ग्रॅमच्या वर सोनं ठेवता येत नाही असं नणंदेनं सांगितलंय ते चुकीचं आहे, तो इन्कम टॅक्सच्या धाडीत काय जप्त करायचं नाही याचा नियम आहे, मालकीचा नाही.

एचयूएफमध्ये तुम्ही मेंबर आहात पण वाटणी मागू शकत नाही. मुलं मात्र जन्मानं कोपार्सनर, म्हणजे जन्मतःच वाटेकरी, आहेत, मुलगीसुद्धा, २००५ च्या दुरुस्तीपासून. आणि आपल्याकडे हिंदू कायद्याची जी मुंबई पद्धत चालते तीत एक गोष्ट आहे जी पुष्कळ वकीलही विसरतात, बाप आणि मुलांमध्ये वाटणी झालीच तर बायकोला मुलाइतका वाटा मिळतो, मागता येत नाही पण झाली तर मिळतो. त्यामुळे सेटलमेंटच्या कागदात "मुलांचा एचयूएफवर काही हक्क राहणार नाही" असं एखादं वाक्य हळूच घातलं जातं, ते दिसलं की पेन खाली ठेवा. अल्पवयीन मुलाचा हक्क आईबाप आपापसात सही करून सोडू शकत नाहीत, कोर्टाची परवानगी लागते.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलंच नाही पण मला सगळ्यात जास्त काळजी तिची वाटतेय. चौदा वर्षांत तुम्ही कुठे कुठे सह्या केल्यात? अशा घरांत सुनेला "हे बँकेचं आहे गं, इथे सही कर" असं म्हणून कागद पुढे येतात, पोळ्या लाटता लाटता सही होते. एका बाईंना घटस्फोटानंतर चार वर्षांनी बँकेची नोटीस आली, कंपनीचं कॅश क्रेडिट (बँकेचं खेळत्या भांडवलाचं कर्ज) बुडलं होतं आणि त्या पर्सनल गॅरंटर होत्या. फॅमिली कोर्टाचा हुकूम बँकेला बांधत नाही, बँकेसाठी तुम्ही गॅरंटर ते गॅरंटर. म्हणून तुमच्या पॅनवर इन्कम टॅक्सच्या पोर्टलला जाऊन स्वतःचा एआयएस (वर्षभराच्या आर्थिक व्यवहारांचा गोषवारा) काढा, तुमच्या नावावरचा डिव्हिडंड, व्याज, शेअर्सचे व्यवहार त्यात दिसतील, अनेक बायकांना आपण कुठल्याशा कंपनीच्या शेअरहोल्डर आहोत हे तिथेच कळतं. क्रेडिट रिपोर्ट काढा, त्यात कर्ज आणि गॅरंटी दिसतात. एमसीएवर तुमचं नाव डायरेक्टर म्हणून आहे का बघा, आणि तुमची डिजिटल सही कुणाकडे आहे ते विचारा, बहुतेक अकाउंटंटच्या ड्रॉवरमध्ये असेल. आणि एक गंमत अशी की तुमच्या नावावर शेअर्स असतील तर ते तुमचेच आहेत, बोलणी करताना तो तुमच्या बाजूचा पत्ता आहे, भावाभावांच्या कंपनीत पाच टक्के बाहेर जाणं कुणालाच परवडत नाही. त्यामुळे येत्या काही दिवसांत कुणी शेअर ट्रान्सफरचा फॉर्म पुढे केला तर सही करू नका.

मुलं. इथे जरा शांतपणे वाचा.

"आम्ही परवडवू शकतो, तू नाही" हा मुद्दा कोर्टात पडतो. पैसा बापाकडे आहे म्हणून ताबा बापाकडे असं होत नाही, पैसा बापाकडे आहे म्हणून खर्च बाप देईल असं होतं. मुलाचं हित सगळ्यात वर, १९५६ च्या कायद्याचं कलम १३, बाकी सगळं त्याच्या खाली. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे, तुमचा मुलगा त्यातून नुकताच बाहेर पडलाय, पण सहा वर्षांच्या मुलाला रोज अंघोळ कोण घालतं, डबा कोण भरतं, ताप आला तर डॉक्टरकडे कोण नेतं, पीटीएमला सही कुणाची आहे, हे प्रश्न सहाव्या वर्षीही तेच असतात. पेडियाट्रिशियनची फाइल आणि शाळेचं कम्युनिकेशन ॲप हे तुमचे सगळ्यात भारी साक्षीदार. मुलगी ११ ची आहे, जज तिच्याशी चेंबरमध्ये एकट्यानं बोलतील. तिला काही शिकवून पाठवू नका. जजसमोर रोज मुलं येतात, पाठ केलेलं वाक्य त्यांना दुसऱ्या मिनिटाला कळतं.

घर सोडायचं असेल तर रागाच्या भरात मुलांना मागे ठेवून निघू नका, आणि मध्यरात्री उचलून माहेरीही नेऊ नका. पहिल्यात "तीच सोडून गेली" होतं, दुसऱ्यात "पळवली" होतं. कोर्ट जी घडी बसलेली असते ती सहसा लगेच मोडत नाही, म्हणून पहिले तीन महिने मुलं कुठे आहेत याला फार महत्त्व येतं. निघायचंच असेल तर शाळा तीच राहील असं जवळचं घर बघा आणि त्याच आठवड्यात ताब्याचा अर्ज टाका.

तुम्ही लिहिलंय की दीर अमेरिकेत आहे आणि मुलांना तिकडे शिकायला पाठवायचं चाललंय. हे हलक्यात घेऊ नका. मुलांच्या अपहरणाबाबतच्या १९८० च्या हेग करारावर भारताची सही नाही, मूल बाहेर गेलं की परत आणायला तिथल्या कोर्टाच्या दारात उभं राहावं लागतं. पहिल्याच तारखेला मागायचं ते हे: कोर्टाच्या परवानगीशिवाय मुलांना देशाबाहेर न्यायचं नाही, आणि पासपोर्ट कोर्टात जमा. पासपोर्ट आत्ता कुणाकडे आहेत ते आजच बघा.

दुसऱ्या बाजूनंही बोलते. मुलांना बाप हवा, आजी-आजोबाही हवेत. कोर्टाच्या मुलांच्या खोलीत, जिथे वेगळ्या राहणाऱ्या पालकाची मुलांशी भेट होते, मी शनिवारी बसलेली असते कधीकधी. एक सहा-सात वर्षांचा मुलगा आठवतो, वडील आले ते ड्रायव्हरच्या हातात त्याच्या उंचीएवढी रिमोटची गाडी घेऊन. पोरानं गाडी बघितली, मग आईकडे बघितलं, आणि गाडीला हातच लावला नाही, पूर्ण तासभर. त्याला गाडी हवी होती हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आई बाहेर येऊन मला खुशीनं म्हणाली, बघितलंत मॅडम, हातही नाही लावला. मला तेव्हा तिचा फार राग आला होता. भेटी अडवणाऱ्या पालकाबद्दल कोर्टाचं मत फार लवकर बिघडतं, आणि पोटगी थकली म्हणून भेट बंद करणं हे तर अजिबात चालत नाही, दोन्ही वेगवेगळे हुकूम आहेत.

म्हणूनच सांगते, मुलं आणि पैसा एका बैठकीत बोलू नका. श्रीमंत घरांत हमखास ऑफर येते, मुलगा आमच्याकडे राहू दे, आकडा दुप्पट करू. घेणाऱ्या बायकाही बघितल्यात, त्यांना मी नावं ठेवत नाही, पण ताब्याचा हुकूम कायमचा नसतो, परिस्थिती बदलली की बदलता येतो, आणि पैशाच्या बदल्यात मूल सोडलं हे एकदा कागदावर आलं की पुढच्या प्रत्येक अर्जाला ते चिकटतं.

शेवटी बहुतेक अशा केसेस म्युच्युअलनंच, म्हणजे दोघांच्या संमतीच्या घटस्फोटानं संपतात, कारण उलटतपासणीत ताळेबंद यावेत असं कुठल्याच बिझनेस फॅमिलीला वाटत नाही. तिथे दोन फास असतात. एक, एकरकमी पोटगी साधारणपणे भांडवली धरतात, टॅक्स नाही, महिन्याची मात्र तुमच्या उत्पन्नात धरून टॅक्स लागतो, हा मुंबई हायकोर्टाचा जुना निकाल आहे. त्यामुळे महिना दोन लाख ऐकायला छान वाटलं तरी टॅक्स काढून हिशोब करा. दोन, फ्लॅट किंवा शेअर्स घ्यायचे असतील तर ते नवरा-बायको असतानाच नावावर झालेले बरे, नवऱ्यानं बायकोला दिलेल्या गिफ्टवर टॅक्स नाही, हुकूम झाल्यावर तुम्ही "नातेवाईक" राहत नाही. पण समोरच्यालाही भीती असते, कारण हुकूम होईपर्यंत कुणीही संमती मागे घेऊ शकतं, फ्लॅट घेऊन तुम्ही फिरलात तर? यावर आम्ही करतो ते असं की फ्लॅटचं वर्णन अर्जातच घालतो, डिमांड ड्राफ्ट आणि सह्या झालेले कागद कोर्टात किंवा दोन्ही वकिलांकडे मिळून ठेवतो, आणि रजिस्ट्रेशन व अंतिम तारीख एकाच दिवशी धरतो, सकाळी सब-रजिस्ट्रार, दुपारी कोर्ट. धावपळ होते, एकदा सर्व्हर डाउन होता आणि दोन्ही कुटुंबं सहा तास एकाच बाकावर बसली होती, पण सगळ्यात सुरक्षित तेच. सहा महिन्यांची थांबायची मुदत कोर्ट माफ करू शकतं, २०१७ पासून, दीडेक वर्ष वेगळे राहिलेले असाल आणि सगळं ठरलेलं असेल तर. हप्त्यांत पैसे घेणार असाल तर हप्ते थकले तर काय हे लिहून घ्या आणि एखाद्या फ्लॅटवर चार्ज, म्हणजे वसुलीचा बोजा, ठेवा, नुसत्या शब्दावर घेऊ नका.

तुमच्या शेवटच्या ओळीतला प्रश्न, नवऱ्याचे कॉल रेकॉर्ड केलेत ते चालतील का. २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की नवरा-बायकोतलं गुपचूप केलेलं रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या केसमध्ये पुरावा म्हणून येऊ शकतं. मूळ फोन जपून ठेवा, विकू नका, फॉरमॅट करू नका, क्लिप कापून व्हॉट्सॲपवर बहिणीला पाठवू नका. आणि त्या रेकॉर्डिंगमध्ये मुलांचा आवाज मागे येत असेल तर आधी वकिलांना ऐकवा, कारण तोच आवाज जजही ऐकणार आहेत, आणि त्यात तुम्हीही ओरडताय का ते तुम्हाला आठवत असेल.